सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात पहिल्यांदा विधानसभा लढवायची तर प्रचार कसा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय तिशीच्या आसपास, घरची शेती, कृषी पदवी, मराठवाडा-विदर्भाच्या शिवेवरचा सोयाबीन-कापसाचा मतदारसंघ, मोठ्या पक्षाचं तिकीट मिळेल का नाही माहीत नाही, पण पुढची विधानसभा लढवायचीय. तर सभा घ्यायच्या का घरोघरी फिरायचं, शेतकऱ्यांशी बोलायचं काय, आणि पैसे न वाटता काही होतं का.

मी बरीच वर्षं वेगवेगळ्या उमेदवारांच्या प्रचाराची आखणी करतोय, झेडपीपासून लोकसभेपर्यंत, जिंकणारेही पाहिले आणि डिपॉझिट घालवणारेही. त्यावरून एकच गोष्ट आधी सांगतो आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं. शेतीच्या मतदारसंघात प्रचाराचं वेळापत्रक उमेदवार ठरवत नाही, रान ठरवतं, आणि ज्याला हे कळत नाही तो रिकाम्या खुर्च्यांपुढे भाषण करतो.

आधी हिशेब करू. २०२४ च्या विधानसभेला राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि जागा २८८, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाख छत्तीस-सदतीस हजार मतदार, बूथ साडेतीनशेच्या आसपास. अर्ज मागे घ्यायची मुदत ४ नोव्हेंबर, मतदान २० ला, आणि जाहीर प्रचार मतदान संपायच्या ४८ तास आधी बंद, म्हणजे १८ ला संध्याकाळी खेळ खलास. चौदा दिवस. ग्रामीण मतदारसंघात गावं, वाड्या, तांडे धरून दोनशे ठिकाणं सहज होतात, आता चौदानं भागून बघा, रोज चौदा-पंधरा ठिकाणं, मधे खराब रस्ते, कुणीतरी चहाला ओढून नेणार, कुणाच्या घरी दहावा असणार. त्यामुळे "अर्ज भरला की प्रचार सुरू करू" म्हणणारा उमेदवार सुरू करायच्या आधीच मागे पडलेला असतो. पहिली फेरी वर्षभर आधीच झालेली पाहिजे, आणि ती मत मागायची नाही, ऐकायची.

आता रानाचं. नोव्हेंबरात मतदान असलं की तुमच्या भागात सोयाबीनची मळणी कुठं संपलेली असते कुठं चालू असते, हरभऱ्याची पेरणी उरकायची घाई असते आणि कापसाची वेचणी तर ऐन भरात. सकाळी आठनंतर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं. म्हणून दिवसाचे दोन तुकडे करा. सकाळी साडेसहा ते साडेआठ दूध संकलन केंद्रावर, तिथं रोज आपोआप शंभर-दीडशे माणसं येतात, किटली घेऊन रांगेत उभी असतात, भाषण नको, नुसतं उभं राहून बोला. मग संध्याकाळी सात ते दहा गावात, दहानंतर लाऊडस्पीकर बंद, तो नियम आहे आणि पाळलेलाच बरा. दुपार मात्र वाया घालवू नका, दुपारी बांधावर जा. पण तिथं एक पथ्य आहे. वेचणीवाल्या बाया किलोवर वेचत असतात, तुम्ही त्यांना वीस मिनिटं उभं केलंत तर त्यांची मजुरी बुडते, आणि मळणी यंत्र थांबवलं तर मालक मनातल्या मनात शिव्या घालतो. पाच मिनिटं, चिन्ह सांगा, एक प्रश्न विचारा, निघा. सोबत गाड्यांची रांग नको, दोन माणसं पुरे. आणि रात्रीच्या सभेआधी त्या गावच्या शेतीपंपांची थ्री फेज वीज कधी असते ते विचारून घ्या, रात्रीची पाळी असेल तर निम्मे गडी पाणी द्यायला रानात गेलेले असतात आणि तुम्हाला वाटतं गावाचा प्रतिसाद नाही.

सभा का घरोघरी, तर मोठी सभा मतं आणत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे, ती कार्यकर्त्यांना धीर देते एवढंच. तालुक्याच्या गावाला एक घ्या, तेही बाजाराच्या दिवशी, म्हणजे माणसं आणावी लागत नाहीत. शरद पवारांची साताऱ्यातली २०१९ ची पावसातली सभा सगळ्यांच्या डोक्यात बसलीय, तिथं लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील निवडूनही आले, पण त्या सभेमागं पन्नास वर्षांचं राजकारण होतं, नुसता पाऊस नव्हता. तुम्ही भिजलात तर सर्दी होईल.

आता गावातलं राजकारण, आणि शिकलेली पोरं इथंच फसतात. प्रत्येक गावात किमान दोन पॅनेल असतात, ग्रामपंचायतीचं एक, सोसायटीचं म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचं एक, कधी तेच दोन कधी वेगळे, आणि त्याच्या खाली भावकी, बांधाचं भांडण, विहिरीतल्या हिश्श्याची केस. तुम्ही गावात शिरताना पहिल्यांदा कुणाच्या ओट्यावर बसलात हे दहा मिनिटांत सगळ्या गावाला कळतं. सरपंचाच्या घरी पहिला चहा घेतला की विरोधी पॅनेलची मतं त्याच क्षणी थंड होतात, तुमच्याशी त्यांचं वाकडं काहीच नसतं, वाकडं सरपंचाशी असतं. म्हणून पहिली बैठक चावडीपाशी किंवा पारावर, उघड्यावर, मग दोन्ही घरी चहा, आणि शक्यतो एकाच फेरीत. देवळासमोर नारळ फोडून सुरुवात करायची पद्धत आहे, दर्शन घ्या, पण देवळात किंवा सभामंडपात माइक घेऊन प्रचार करू नका, आचारसंहितेत धार्मिक स्थळाचा प्रचारासाठी वापर चालत नाही, आणि समोरचा माणूस मोबाइल घेऊन उभाच असतो.

गावात तुमचा माणूस कोण, हा त्याहून मोठा प्रश्न. सगळ्यात मोठ्यानं बोलणारा, गाडीत पुढच्या सीटवर बसणारा, "आख्खं गाव आपल्या मागं आहे" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या गल्लीतही चालत नाही. मी विचारतो की गावात कुणाचं काम अडलं तर तुम्ही कुणाकडं जाता. उत्तरात तलाठ्याकडं अर्ज लिहून देणारा मास्तर येतो, दवाखान्यात सोबत जाणारा एखादा पोरगा येतो, बचत गटाची हिशेब ठेवणारी बाई येते, सोसायटीच्या गटसचिवाशी नीट बोलू शकणारा माणूस येतो. हे लोक पकडा. फक्त एक बघा, सरकारी नोकर असेल, शिक्षक असेल, तर त्याला प्रचारात ओढू नका, त्याची नोकरी जाईल आणि गाव तुम्हालाच दोष देईल.

शेतकऱ्याशी बोलायचं काय. तुमची कृषी पदवी आहे म्हणून मुद्दाम सांगतो, शेतकऱ्याला शेतीवर भाषण देऊ नका. "बळीराजा", "जगाचा पोशिंदा" हे शब्द त्यानं इतक्यांदा ऐकलेत की ते कानावर पडले की तो तंबाखू मळायला घेतो. त्याला हे ऐकायचंय की त्याचं नेमकं काय अडलंय ते तुम्हाला माहीत आहे का. उदाहरणार्थ अतिवृष्टीची मदत. निकष आहे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस, पण पर्जन्यमापक मंडळाच्या गावात आणि ढग फुटला सहा किलोमीटरवरच्या शिवारात, आकडा भरत नाही आणि पंचनाम्यासाठी भांडत बसावं लागतं. हे ज्या गावात घडलंय त्या गावात जाऊन तुम्ही मंडळाचं नाव घेऊन हे बोललात तर दुसरं काही बोलायची गरज नाही. पीकविम्याचंही तसंच, एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला, आता सोयाबीनला २ टक्के आणि कापसाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याचा आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर. हमीभावाच्या खरेदीला नाव नोंदवायला सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद, लागते, ती ज्यांची झाली नाही त्यांना केंद्रावरून परत पाठवतात, मग बारदाना म्हणजे पोती नाहीत म्हणून खरेदी बंद, मग ओलावा जास्त म्हणून माल नापास. प्रत्येक गावाची अशी दोन-तीन दुखणी वर्षभराच्या फेरीत वहीत लिहून ठेवा, गावाचं नाव, काय अडलंय, कुठल्या कार्यालयात अडलंय. प्रचारात हीच वही तुमचं भाषण.

पण इथं लगेच दुसरी बाजू सांगतो, कारण नुसत्या शेतमालाच्या भावावर निवडणूक जिंकता येते असं समजून बरेच जण उभे राहतात. २०२४ च्या दोन निवडणुका शेजारी ठेवून बघा. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून, लोकसभेचे दोन टप्पे तोवर उरकले होते. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या, पेशानं शिक्षक असलेले भास्कर भगरे निवडून आले. सहाच महिन्यांनी विधानसभेला सोयाबीनवाल्यांची स्थिती काही चांगली नव्हती, हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये आणि बाजारात चार हजारांच्या आसपास, दोन्हीकडून सहा हजार, सात हजाराची आश्वासनं आली, ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के केली तीही मतदानाच्या चार-पाच दिवस आधी. तरी महायुतीला २३० च्या वर जागा. असं का? मला वाटतं कांद्याच्या रागाला एक तारीख होती आणि एक पत्ता होता, अमुक दिवशी अमक्यानं निर्यात बंद केली आणि माझा भाव पडला, एवढं सरळ. सोयाबीनचा भाव हळूहळू वर्षभर पडत गेला, त्याला जागतिक बाजार, तेलाची आयात, पेंड, पाच कारणं, राग कुणावर काढायचा हे ठरलंच नाही. आणि मधल्या काळात घरातल्या बाईच्या खात्यात लाडकी बहीणचे महिन्याला दीड हजार येऊन पडले होते, दिवाळीपर्यंत साडेसात हजार. राग पुरुषाचा आणि पैसे बाईच्या खात्यात, एकाच घरात दोन वेगळी मतं पडली असणार. जातीचे आणि इतर मुद्दे होतेच, ते नाकारत नाही, पण नाराजी आहे म्हणजे मत आपलं असं गणित मांडू नका.

आश्वासनाचंही तेच. सोयाबीनचा हमीभाव केंद्र जाहीर करतं, तो आमदाराच्या हातात नाही, आणि हे पारावरच्या म्हाताऱ्यालाही माहीत आहे. जे तुमच्या आवाक्यात आहे ते बोला. आमदार निधी वर्षाला ५ कोटी आहे, दोनशे गाववाड्यांत वाटला तर गावाला अडीच लाख, हे आकडे उघड सांगून "म्हणून सगळ्या गावांना सभामंडप देणार नाही, आधी पाणंद रस्ते घेणार" असं म्हणणारा उमेदवार लोकांना वेगळा वाटतो. जळालेला डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती दिवसांत बदलून मिळेल, खरेदी केंद्र मळणीच्या आधी सुरू करायला कुणाच्या मागं लागायचं, असली कामं. कर्जमाफी तुम्ही एकटे देऊ शकत नाही, अपक्ष असाल तर तो शब्द काढूच नका.

अजून एक. गाव म्हणजे फक्त सातबारावाले नाहीत. भाव वाढला काय पडला काय, भूमिहीन मजुराला त्यातनं काही मिळत नाही, उलट तूर महाग झाली की तो विकत घेणारा. त्याचे विषय घरकुलाचा अडकलेला हप्ता, रेशनकार्डावर न चढलेली सून, रोजगार हमीची न मिळालेली मजुरी. वस्तीवर, तांड्यावर जाऊन हमीभावावर बोलणारे उमेदवार मी डोळ्यानं बघितलेत. लोक ऐकून घेतात, हसतात, चहा पाजतात, मत देत नाहीत. आणि बायकांची बैठक पुरुषांसमोर घेऊ नका, बायका बोलतच नाहीत. तुमच्या घरातल्या, नात्यातल्या दोन-तीन जणी वेगळ्या फिरू द्या, बचत गटाच्या बैठकीची वेळ विचारून.

स्थलांतराचा विषय तुमच्या भागात मोठा असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात, गळीत हंगाम नोव्हेंबरात, म्हणजे नेमका मतदानाच्या तोंडावर तांडा रिकामा. शिवाय पुण्या-चाकणला कंपनीत असलेली पोरं. यादीत दिसणारी मतं आणि गावात असणारी मतं यात मोठा फरक असतो, बूथनिहाय खुणा करून घ्या की कोण बाहेर आहे. फोन करा, मतदानाला भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळते ते सांगा. पण मतदार आणायला गाड्या भाड्यानं लावू नका, फुकट वाहतूक हे लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचरण आहे, सर्रास चालतं म्हणून कुणाला गुन्हा वाटत नाही, पण निवडून आल्यावर कुणी याचिका टाकली तर निवडणूकच रद्द होऊ शकते.

अपक्ष लढलात तर चिन्हच सगळ्यात मोठी डोकेदुखी, कारण ते माघारीनंतर मिळतं आणि दोन आठवड्यांत घराघरात पोचवायचं असतं. चिन्ह किती खेळ करतं त्याचं उदाहरण वरच्याच दिंडोरीत आहे, भास्कर भगरे शरद पवारांच्या पक्षाचे, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि तिथंच बाबू भगरे नावाच्या अपक्षाला तुतारी मिळाली, आडनाव तेच, चिन्ह तसंच, प्रचार नावापुरता आणि मतं एक लाखाच्या वर. साताऱ्यात तर तुतारीवाल्या अपक्षाची मतं त्याच पक्षाच्या शशिकांत शिंदे यांच्या पराभवाच्या फरकापेक्षा जास्त भरली. म्हणून चिन्हाचं नाव तोंडपाठ करून घेण्यापेक्षा यंत्रावर कितव्या नंबरला आहे ते शिकवा. डमी यंत्र वापरायला परवानगी आहे, निम्म्या आकाराचं आणि वेगळ्या रंगाचं, दोन-चार करून घ्या, म्हाताऱ्या माणसांना बोट दाबून दाखवू द्या. तेवढा एक खर्च सत्कारणी लागतो.

खर्चाचं विचारलंय. विधानसभेला मर्यादा ४० लाख, अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीला ५ हजार, एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर जप्त. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं काढायचं, सगळा खर्च त्यातून, आणि एका माणसाला रोखीनं १० हजारांच्या वर देता येत नाही. चहा, खुर्ची, मांडव याचे दर प्रशासन ठरवून देतं आणि तुम्ही कमी दाखवलं तरी त्यांच्या नोंदवहीत त्याच दरानं चढतं, प्रचाराच्या काळात किमान तीनदा तपासणीला जावं लागतं, त्यासाठी एक अकाउंटवाला माणूस बसवाच.

आणि वाटप. वाटतात, हे मी कशाला लपवू. लोक घेतातही, दोघांकडून घेतात. गुन्हा तर तो आहेच, भारतीय न्याय संहितेत लाच म्हणूनच आहे, पण निव्वळ व्यवहार म्हणूनही नवख्या उमेदवाराला तो परवडत नाही, कारण समोरचा प्रस्थापित नेहमी तुमच्यापेक्षा जास्त वाटू शकतो आणि तुमचे निम्मे पैसे तुमचाच माणूस खिशात घालतो. त्याऐवजी लोकवर्गणी मागा. राजू शेट्टींनी २००९ ला हातकणंगल्यात "एक नोट, एक व्होट" म्हणत लोकांकडूनच पैसे घेतले आणि खासदार झाले. त्यातली खरी गंमत अशी की ज्यानं पन्नास रुपये दिलेत तो मत तर देतोच, वर चार जणांना सांगत सुटतो. पण त्याआधी उसाच्या दरासाठी रस्त्यावर उतरलेलं असावं लागतं, नाहीतर कोण देणार, आणि तेच शेट्टी पुढं त्याच मतदारसंघात दोनदा हरलेत हेही लक्षात असू द्या.

सोशल मीडियाबद्दल फार लिहीत नाही. ड्रोननं काढलेली रील तुमच्या मित्रांना आवडते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या गावच्या अडलेल्या कामाबद्दल तुमच्या आवाजातली एक मिनिटाची साधी ऑडिओ क्लिप जास्त फिरते. पैसे देऊन जाहिरात टाकणार असाल तर आधी प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तो खर्च हिशेबात येतो.

आता बूथ. २०२४ ला साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी आले, बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ नी, कर्जत-जामखेडला रोहित पवार १२४३ नी. साडेतीनशे बूथ धरले तर २०८ म्हणजे बूथमागं एक मतसुद्धा नाही. तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत रोड शो वगैरे काढत बसू नका, प्रत्येक बूथवर यादी घेऊन बसणारा माणूस आहे का ते बघा, शक्यतो त्याच बूथचा मतदार. यादीचं पान न् पान घरावर वाटून द्या, एकाकडं पंधरा-वीस घरं. मतदानादिवशी त्यानं सकाळी अकरापर्यंत कोण आलं नाही ते बघायचं आणि स्वतः जाऊन बोलवायचं, कारण अकरानंतर माणूस रानात गेला की संध्याकाळीच येतो आणि तेव्हा रांग असते. स्लिपा वाटाल त्या पांढऱ्या कागदावर, नाव-चिन्ह नको. मतदान केंद्राच्या आत बसणाऱ्या तुमच्या एजंटानं मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी मॉक पोलला, म्हणजे यंत्राच्या चाचणी मतदानाला, हजर राहायचं, संध्याकाळी यंत्र सील होईपर्यंत हलायचं नाही, आणि १७-क फॉर्मची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, त्यावर त्या बूथवर एकूण किती मतं नोंदली गेली ते असतं, मोजणीच्या टेबलावर तोच कागद तुमच्या हातात पाहिजे.

निकाल काहीही लागो, लागल्यापासून ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यायचा असतो. हरलेले उमेदवार हे विसरून गावाकडं निघून जातात आणि मग तीन वर्षांसाठी निवडणूक लढवायला अपात्र ठरल्याची नोटीस येते, त्यात पुढची झेडपी जाते. वही मात्र टाकू नका, त्यातली अडलेली कामं आमदार नसतानाही तहसीलला आणि महावितरणला हेलपाटे घालून बरीचशी होतात, निकालानंतरच्या महिन्यातच सुरू करा.